फळा कुणाला दिसतो?

१९५७ साली जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाने कारखान्यांसाठी एक साधी सूचना केली. रासायनिक कारखाना माल तयार करतोच. त्याच्या जोडीने त्याने स्वतःला सुधारण्याची माहितीही तयार करावी. म्हणजे रिॲक्टरचं तापमान आज दोनेक अंशांनी वर न्यायचं, उद्या तेवढंच खाली आणायचं, दाब किंचित बदलून बघायचा आणि किती माल निघाला ते टिपत राहायचं. बदल एवढे लहान ठेवायचे की माल बिघडता कामा नये. पण लहान बदलाचा परिणामही लहान असतो, रोजच्या चढउतारांत तो बुडून जातो. म्हणून तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचं. सरासरी जमत गेली की खरा फरक हळूहळू वर येतो. बॉक्सने इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत बरीच वर्षं काढली होती. प्रयोगासाठी चालता कारखाना कुणी बंद ठेवू देत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझं पोट या कल्पनेच्या नातवंडांवर चालतं. बटण कुठे ठेवायचं, सूचना किती वाजता पाठवायची, यादीत आधी काय दाखवायचं, हे आम्ही चर्चेने ठरवत नाही. अर्ध्या लोकांना एक दाखवतो, अर्ध्यांना दुसरं, आणि आकडे बघतो. यात मला काही गैर वाटत नाही. मीटिंगमध्ये सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या मतावर चालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. रिॲक्टरला दोन अंश कमी-जास्त झाल्याने काही वाटत नाही. रिॲक्टरच्या जागी माणूस असेल, तर त्याला विचारायला हवं का? आणि बदल अगदी छोटा असेल तर?

यावर चटकन उत्तर देणाऱ्यांनी मिशिगनची गोष्ट आठवावी. जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर पीटर प्रोनोवोस्ट यांनी अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालतानाच्या पाच गोष्टींची यादी केली: हात धुणं, रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसणं, पूर्ण आच्छादन वापरणं, शक्यतो जांघेतून नळी न घालणं आणि गरज संपलेली नळी काढून टाकणं. यात नवीन काहीच नव्हतं. डॉक्टरांना हे सगळं ठाऊक होतं, फक्त दर वेळी पाचही होत नव्हतं. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, हा अधिकार मात्र नवा होता. मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त अतिदक्षता विभागांत हे राबवलं गेलं. नळी आत असण्याच्या दर १००० दिवसांमागे संसर्गाचं सरासरी प्रमाण ७.७ होतं, ते दीड वर्षात १.४ वर आलं. २००६ च्या डिसेंबरमध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले.

मग तक्रार झाली. संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी अमेरिकी सरकारचं एक कार्यालय आहे. त्याने २००७ मध्ये ठरवलं की हे माणसांवरचं संशोधन आहे आणि रुग्णांची व डॉक्टरांची रीतसर संमती घेतलेली नाही. माहिती गोळा करण्याचं काम थांबलं. अतुल गवांदे यांनी (त्यांचे वडील आपल्याकडच्या उटी गावचे) त्यावर न्यूयॉर्क टाइम्समध्ये खरमरीत लेख लिहिला आणि २००८ च्या सुरुवातीला कार्यालयाने माघार घेतली.

या प्रकरणातली खोच बघा. हॉस्पिटलने तीच यादी कुणालाही न विचारता, काहीही न मोजता लागू केली असती, तर कुणाची परवानगी लागली नसती. आक्षेप आला तो मोजण्यामुळे. म्हणजे आंधळेपणाने केलेला बदल ही ‘व्यवस्थापनाची बाब’, आणि डोळे उघडे ठेवून केलेला बदल हा ‘प्रयोग’. मिशेल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच सर्वसामान्य लोकांमध्ये तपासलं. सुरक्षेच्या सूचना डॉक्टरांच्या ओळखपत्रामागे छापल्या तर लोकांना चालतं, भिंतीवर पोस्टर लावलं तरी चालतं. पण यातलं काय जास्त उपयोगी ते बघायला काही रुग्णांच्या बाबतीत हे आणि काहींच्या बाबतीत ते करू म्हटलं, की बरेच जण नाराज होतात. साहेबाला आधीच सगळं कळतं, असं आपण गृहीत धरतो की काय कोण जाणे.

एवढं वाचून आमच्या धंद्यातले लोक खूश होतात आणि इथेच थांबतात. त्यांचा आवडता युक्तिवाद छोटेपणाचा. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर सुमारे ६,८९,००० लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर गदारोळ उठला. तेव्हा बचावाचा एक मुद्दा हाच होता: परिणाम अगदी नगण्य होता.

पण छोटेपणाचा हिशेब असा एकेका बदलापुरता करता येत नाही. समजा, घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलांच्या ॲपमध्ये ऑर्डर स्वीकारायला साठ सेकंद मिळतात. ती पंचावन्न करून बघितली. कामाचा वेग थोडा वाढला. काम सोडून जाणाऱ्यांच्या संख्येत ‘लक्षणीय फरक नाही’. बदल कायम. मग पंचावन्नची पन्नास. पुन्हा लक्षणीय फरक नाही. असं करत आपण तीसवर येतो. प्रत्येक पायरीची तुलना मागच्या पायरीशी होते. साठ आणि तीस यांची समोरासमोर तुलना कुणीच केलेली नसते. लक्षणीय फरक नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. एवढ्या लोकांत, एवढ्या दिवसांत तो पकडता आला नाही, इतकाच होतो. न पकडता आलेले सहा फरक एकावर एक रचले, तर सिग्नलला गाडीवर बसून मोबाइलकडे बघणाऱ्या मुलाला ते जाणवतात. त्याने बोट दाखवून सांगावं असा एकही बदल मात्र सापडत नाही. बॉक्सच्या पद्धतीची ताकद ज्या गुणात आहे, म्हणजे एकेक पाऊल कुणाच्या लक्षात न येण्यात, त्याच गुणामुळे ती माणसांवर वापरताना जबाबदारी कुठेच चिकटत नाही.

मग काय, दर पाच सेकंदांसाठी सही घ्यायची? ते हास्यास्पद आहे, आणि सह्यांचं काय होतं ते आपण ॲपच्या ‘अटी मान्य’वर रोज बघतो. मला वाटतं, उत्तर बॉक्सकडेच आहे, आम्ही ते उचलताना गाळलं. त्याच्या पद्धतीत कारखान्यात सर्वांना दिसेल असा एक माहितीचा फळा असे. कोणता प्रयोग चालू आहे, आतापर्यंतचे आकडे काय सांगतात, ते त्यावर लिहिलेलं. प्रयोग कारखाना चालवणारे लोकच करत आणि फळा त्यांच्याच डोळ्यांसमोर असे. टोयोटात बिघाड दिसला की कामगाराने दोरी ओढायची असते, गरज पडल्यास त्यामुळे अख्खी लाइन थांबते. तिथलं रोजचं छोटंछोटं सुधारणं त्या दोरीशी बांधलेलं आहे. मिशिगनच्या नर्सच्या हातात तीच दोरी होती. आमच्याकडेही फळा आहे, रंगीत आलेखांचा, दर तासाला ताजा होणारा. तो बघायला कंपनीचा लॉगिन लागतो.

फळा उघडा केला तर निकाल बिघडतील, हा आक्षेप खोटा नाही. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं की माणसं बदलतात. १९२७ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात मोजक्या कामगार मुलींना वेगळ्या खोलीत बसवून सुटीच्या वेळा बदलून पाहिल्या, तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्यातल्या दोघींना नीट सहकार्य करत नाहीत, फार बोलतात म्हणून बदलण्यात आलं, हे मात्र त्या प्रयोगाबद्दल बोलताना कमी वेळा सांगितलं जातं. म्हणजे दोरी नव्हतीच.

मी टीममध्ये सुचवलंय की साठ सेकंदांसारखी मूळ किंमत कोरून ठेवावी, दर सहा महिन्यांनी आजच्या किमतीची तिच्याशी थेट तुलना करावी आणि तो आलेख त्या मुलांच्या ॲपमध्येच दाखवावा. पहिली दोन कामं मंजूर झाली आहेत. तिसऱ्यावर सध्या ‘आधी दोन टक्के लोकांवर करून बघू’ असं ठरलंय.