पालीसाठी घर सोडलेला माणूस

आज ४ जून. रोहिणी सरत आल्या, मृग तीन-चार दिवसांवर आलाय. हिंगणघाटात या दिवसांत दोन गोष्टींची बोलणी असतात. पेरणी कधी धरायची, आणि कुणाच्या पोराचा व्हिसा आला. कापसाच्या या गावातून मुलंमुली आता जर्मनीला, आयर्लंडला, अमेरिकेला शिकायला निघतात. बाप बँकेच्या कर्जासाठी सातबारा काढून आणतो. आई बॅगेत शेवया, लाल तिखट, कुरड्या भरते आणि कपड्यांच्या घडीत देवाचा किंवा बुद्धाचा लहानसा फोटो सरकवते. कर्जाची काळजी बाप करतो. आईची धास्ती वेगळी असते. तिकडं गेल्यावर लेकरू हे सगळं विसरून तर जाणार नाही?

तिला ज्यांचं नाव सांगावंसं वाटतं, त्यांनी आपल्याच जिल्ह्यात देह ठेवला. आजच्याच तारखेला, १९४७ साली, सेवाग्रामच्या आश्रमात. धर्मानंद कोसंबी. आजारानं थकलेलं शरीर आता कुणाच्या कामाचं उरलं नाही, असं वाटून त्यांनी अन्न सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजी त्यांच्याबद्दल बोलले.

कोसंबी मूळचे गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६ चा. शाळा जेमतेम झालेली. बुद्धाची पहिली ओळख झाली ती ‘बालबोधमेवा’ या ख्रिस्ती मिशनच्या मराठी मासिकातून. एका धर्माच्या माणसांनी काढलेल्या मुलांच्या मासिकानं दुसऱ्या धर्माच्या थोर पुरुषाची गोडी लावली, हे मला फार मोलाचं वाटतं. मग घरात चित्त लागेना. १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया अशी पायपीट झाली, पण ज्या भूमीत बुद्ध जन्मले आणि हिंडले, तिथं त्यांचा धर्म मूळ ग्रंथांतून नीट शिकवणारा गुरू काही भेटेना. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी सिलोन गाठलं. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपाशी ते पाली शिकायला बसले. हवा मानवेना, तिथलं जेवण सोसेना, तरी अभ्यास चालूच. पुढं ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

परदेशानं त्यांची श्रद्धा घडवली हे खरं. पण ती काही एका साच्यातून निघाली नाही. सिलोनमध्ये ग्रंथ हाती आले, ब्रह्मदेशात साधना. १९१० साली प्राध्यापक वुड्स यांच्या बोलावण्यावरून ते हार्वर्डला गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधनाचं काम होतं. तिथंच समाजवादाचं वाचन घडलं आणि बौद्ध धर्माकडं पाहण्याची नजर रुंदावली. करुणा ध्यानाच्या आसनावर संपत नाही, ती गिरणीच्या दारापर्यंत गेली पाहिजे, असा त्याचा अर्थ मी लावते. पुढं मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला, तो त्यामुळंच मला अमेरिकेच्याही शिक्षणाचं फळ वाटतो.

आणि एक विलक्षण गोष्ट. ज्या श्रद्धेनं अंगावर चीवर चढवलं, तिच्याचसाठी १९०६ मध्ये त्यांनी ते उतरवलं. लोकांमध्ये राहून शिकवायचं तर भिक्षूचे नियम आड येत होते. कलकत्ता विद्यापीठातलं काम सोडून ते महाराष्ट्रात आले, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपयांची सोय करून दिली. आपल्या माणसांना आपल्या भाषेत धर्म सांगायचा, एवढंच मनात होतं. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पालीचे विद्यार्थी तयार केले, मराठीत बुद्धचरित्र लिहिलं. सिंहली, ब्रह्मी आणि रोमन लिपींतून वाचलेला ‘विसुद्धिमग्ग’ १९४० साली त्यांनी देवनागरीत छापून दिला.

आज हिंगणघाटच्या विहारात पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील म्हणतात, ते पालीत. वंदनेची पुस्तिका देवनागरीत. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि ही वंदना आपल्या घराघरांत आली. म्हाताऱ्या आजीला ती पुस्तिका न पाहता येते आणि शेजारी बसलेली नात तिच्या मागून म्हणते. त्या बाबासाहेबांनाही १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीनं. एका राजानं दोन माणसांच्या शिक्षणाला हात दिला, आणि त्याचा लाभ इथल्या विहारात बसलेल्या त्या नातीपर्यंत पोचला.

तेव्हा त्या आईला मी सांगेन, भिऊ नको. मनात खरी ओढ घेऊन गेलेलं लेकरू रिकामं होऊन येत नाही. त्याची पूजा कदाचित बदलेल, प्रश्न वाढतील, आपण विचारही केला नाही असं काही ते विचारेल. तेवढं आपण ऐकून घ्यायला हवं.

पण एवढंच सांगून थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कोसंबी घरून निघाले तेव्हा मागं पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही लेक, माणिक. पुढची सात वर्षं नवरा दूर, आणि ओटीतलं लेकरू त्याच्याविना वाढतंय. त्या मोठ्या श्रद्धेची किंमत बाळाबाईंनी भरली, आणि त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कोसंबींचा मला कितीही आदर असला तरी हे मनातून जात नाही. आज शेत गहाण ठेवणारा बाप निदान आपल्या हातानं सही करतो.

१९१८ मध्ये कोसंबी पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेलं. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली, दामोदर हार्वर्डमध्ये शिकून मोठा गणिती आणि इतिहासकार झाला. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन इथंच राहिल्या.