फुग्यांचा डबा



कार्यालयात प्रत्येकाने घरचा एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचे ठरले, की आपल्या वसईतील घरांत फुग्यांची तयारी होते. रात्री मैदा, अंडी व नारळाचा रस घालून पीठ फुगायला ठेवायचे, पहाटे उठून तळायचे आणि डबा सांभाळत मुंबईची गाडी गाठायची. या कष्टांत प्रेम आहेच. परंतु त्या प्रेमाची परीक्षा डबे उघडल्यावर होते.

करिंथचे ख्रिस्ती लोकही असेच एकत्र जेवत. तिथे काहींची चंगळ होई, काही उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असे खडसावून संत पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितले (१ करिंथ ११).

आपल्या पंगतीत रिकाम्या हातांनी आलेला सहकारी मागे राहतो काय? अंडे न खाणाऱ्यांना आपण आधीच सांगतो काय? झाडलोट करणाऱ्या मावशींना सर्वांबरोबर बसवतो, की उरलेले देतो?

मिस्साबलिदानात आपण एकाच भाकरीचे वाटेकरी होतो. तिची साक्ष आपल्या डब्यानेही द्यावी.