गोळी मिळाली, तास मिळाला नाही

17 सप्टेंबर 2025 रोजी मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान सुरू झाले, आणि बायकांच्या थकव्यावर पुन्हा एकदा बोलणे सुरू झाले. त्यातले बरेचसे नेहमीचेच होते. गूळ-शेंगदाणे, बीट, लोखंडी कढई. कढईतून अन्नात थोडे लोह उतरते हे खरे, पण शरीरातली रिकामी झालेली लोहाची कोठारे भरायला ते पुरत नाही. थायरॉइडवर बिनआयोडीनचे सैंधव मीठ सुचवणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरे: आयोडीन टाळून थायरॉइड बरा होत असता, तर आयोडीन कमी मिळणाऱ्या कांगड्याच्या खोऱ्यात गलगंड कधी झालाच नसता.

मला बोलायचे आहे ते याहून प्रतिष्ठित असलेल्या एका मताबद्दल. आपल्या विचारी वर्तुळात ते जवळपास सर्वमान्य झाले आहे. बाईचा थकवा हा आजार नव्हे, तिच्यावर लादलेल्या श्रमांचा तो हिशेब आहे. त्याला टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी) अशी नावे देणे म्हणजे सामाजिक प्रश्न औषधाच्या दुकानात नेऊन ठेवणे. ऐकायला हे भारदस्त वाटते. त्यात तथ्यही आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे.

धार म्हटले की आपल्याला पवार आठवतात आणि त्याच जिल्ह्यातले बाग गाव म्हटले की लेणी. त्याच बागेतल्या भिल्ल बाईचे उदाहरण घेऊ. पाणी, सरपण, मक्याची भाकर, शेतमजुरी, लेकरे. तिच्या श्रमांबद्दल वाद नाही. पण समजा उद्या तिचे निम्मे काम कमी झाले, तर तिची मंदावलेली थायरॉइड ग्रंथी पुन्हा काम करू लागेल काय? या ग्रंथीत संप्रेरक तयार होते ते थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर, आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात लोह असते. लोह घटले की संप्रेरक घटते. आयव्हरी कोस्टमध्ये गलगंड झालेल्या मुलांना आयोडीन दिले, तेव्हा रक्तक्षय असलेल्या मुलांचा गलगंड तितकासा उतरला नाही. उलट दिशेनेही हेच घडते. थायरॉइड मंदावला की काहींच्या जठरातले आम्ल कमी होते, लोह शोषले जात नाही. पाळीत रक्त जास्त जाऊ लागते. अस्थिमज्जेचे कामही सुस्तावते. एक आजार दुसऱ्याला पोसतो, आणि दोघांचे लक्षण एकच असते: अंग उचलत नाही. त्या लक्षणाला नुसते ‘श्रम’ म्हणणारा आणि नुसते ‘अशक्तपणा’ म्हणणारा, दोघेही तपासणी टाळतात. पहिला जरा चांगल्या भाषेत टाळतो, एवढाच फरक.

या मताचा आणखी एक दोष मला खटकत आला आहे. ते नेहमी दुसऱ्या बाईसाठी वापरले जाते. इंदूर-पुण्याच्या बाईला थकवा आला की ती रक्त तपासून घेते. बागेच्या बाईला थकवा आला की तिच्यावर परिसंवाद होतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दहातल्या एकाहून अधिक प्रौढांचा थायरॉइड मंद आढळला. ती पाहणी मुंबई-गोव्यासह आठ ठिकाणी झाली, सारी शहरी. ‘थायरॉइड शहरातल्या बायकांना होतो’ हा समज अशाच मोजण्यांतून पक्का होत जातो. उलट रक्तक्षय खेड्यातल्या बाईच्या नावावर लिहिलेला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या 54.7 टक्के आणि महाराष्ट्रातल्या 54.2 टक्के बायकांत तो आढळला. म्हणजे तोही राज्यांच्या हद्दी पाळत नाही.

बागेत तर नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. हा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा टापू आहे. रक्त कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता असेलच असे नाही, आणि ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोह साठून अपायही होतो. तेव्हा फेरिटिन पाहणे ही शहरी चैन नव्हे.

आता तपासणी झाली, दोन्ही कमतरता सापडल्या, दोन्ही गोळ्या मिळाल्या असे धरू. सरकारी दृष्टीने काम संपले. रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 पासून चालू आहे, 2018 मध्ये ‘अॅनिमिया मुक्त भारत’ आले, गर्भवतीला 60 मिलिग्रॅम लोहाची गोळी 180 दिवस द्यायची हे ठरले. हिशेब सगळा वाटलेल्या गोळ्यांचा. माझे म्हणणे एवढ्याच भेदावर येऊन थांबते: गोळी मिळणे वेगळे आणि गोळीला तास मिळणे वेगळे.

मंद थायरॉइडसाठीची थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर. कॅनडात 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौदा रुग्णांनी दोन्ही गोळ्या बारा आठवडे एकत्र घेतल्या. त्यांचे सरासरी टीएसएच 1.6 वरून 5.4 वर गेले, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडू लागले. थायरॉक्सिनचा डोस तोच, पण लोहाने त्याला आतड्यातच अडकवले. लोह पुन्हा चहापासूनही दूर हवे. याचे कारण बागेत कापडावर ठसे छापणाऱ्या खत्रींना पाठ आहे. बाग प्रिंटचे कापड आधी हरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्यावर हिराकसाचा ठसा पडला की काळा रंग पकडतो, कारण हरड्यातले टॅनिन लोहाला घट्ट धरते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाच्या स्वस्त गोळीत असते तेच. चहातली टॅनिन-जातीची द्रव्ये पोटात लोहाला अशीच धरून ठेवतात. गर्भवतीला यात कॅल्शियमची गोळी येऊन मिळते, आणि ती दोघांपासूनही लांब ठेवावी लागते.

माळव्यात दिवस चहाने उजाडतो. पहाटे उठून सगळ्यांचा चहा करणाऱ्या बाईने स्वतः तासभर थांबायचे, हे सांगायला सोपे आहे. इथे श्रमवाद्यांचे म्हणणे खरे तर सर्वांत उपयोगी पडले असते, कारण बाईचा कोणताच तास तिचा नसतो हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. पण ते गोळीलाच नाकारून बसल्यामुळे तिच्या तासासाठी भांडायला कोणी उरत नाही.

तास हलवता येतो. नेदरलँड्समध्ये 2010 साली दाखवून दिले गेले की थायरॉक्सिन रात्री झोपताना घेतले तरी चालते, किंबहुना अधिक शोषले जाते. जेवणाला मात्र तीनेक तास होऊन गेलेले हवेत. झुरिकच्या संशोधकांनी 2017 साली दाखवले की लोह रोज घेण्यापेक्षा दिवसाआड घेतल्यास त्यातला अधिक वाटा अंगी लागतो. कोणाला काय मानवेल हे डॉक्टरांनीच ठरवायचे, गर्भवतीच्या बाबतीत तर नक्कीच. पण ठरवण्यापूर्वी तिला विचारायला हवे.

म्हणून आरोग्य शिबिरे भरवणाऱ्यांना एकच विनंती आहे. कार्डावर हिमोग्लोबिनच्या शेजारी आणखी दोन रकाने छापा: पहिला चहा किती वाजता, आणि रात्रीचे शेवटचे काम किती वाजता संपते. गोळ्यांच्या वेळा त्यानंतर लिहा.