आहारशुद्धी व मुलांचे संगोपन

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे नित्यपाठी वाचकास ठाऊकच आहे. तेथील एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. अमुक धान्य सात्त्विक व अमुक भाजी तामस, अशी यादी भगवंतांनी दिलेली नाही. कोणत्या वृत्तीच्या मनुष्यास कोणत्या गुणांचा आहार प्रिय वाटतो, हे त्यांनी सांगितले. म्हणजे प्रश्न जितका ताटातील पदार्थाचा, तितकाच त्या पदार्थाकडे धावणाऱ्या आवडीचा आहे. आणि आवड ही बाळपणी घडते. ती घडविण्याचे काम, जाणूनबुजून असो वा अजाणता, आईबापांच्याच हातून होत असते.

या दृष्टीने एका कुटुंबाचा दृष्टान्त घ्यावा. चंडीदेवीच्या मंदिरावरून ज्यास नाव मिळाले, त्या चंडीगड नगरात नोकरीनिमित्त राहणारे हे मराठी कुटुंब आहे असे समजावे. गीतेची जन्मभूमी जे कुरुक्षेत्र, ते तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर. नगराची रचना अशी की, प्रत्येक सेक्टरात घरापासून चार पावलांवर बाजार. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारी. घरात वडीलधारे कोणी नाही. सकाळच्या घाईत मुलाच्या डब्यात नूडल्स, दुपारी बिस्किटे, सायंकाळी वेफर्सचे पाकीट आणि त्याबरोबर रंगीत पेय, असा क्रम पडून गेला. यात आळस थोडा व थकवा फार होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

पुढे पतीच्या रक्तात साखर आढळली आणि गृहिणीची झोप उडाली. तिचे भय निराधार नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड यांची तुलना होती. तीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे 8.4 जण मधुमेही आढळले, तर चंडीगडात 13.6, म्हणजे चौघांत सर्वाधिक. त्याच पाहणीच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात देशातील मधुमेही दहा कोटींहून अधिक सांगितले गेले. मधुमेहास कुलपरंपरा, श्रमाचा अभाव अशी इतरही कारणे असतात, आणि सर्व दोष पाकिटांवर ढकलणे सत्यास धरून होणार नाही. तरी आपल्या हाती काय आहे, असा विचार करता त्या मातेची दृष्टी स्वयंपाकघरातील कपाटाकडेच वळली.

तिने पाकिटांच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचली. मैदा, पामतेल, साखर, मीठ, शिवाय रंग, कृत्रिम स्वाद आणि पदार्थ टिकविणारी द्रव्ये. येथे थोडे थांबावयास हवे, कारण हा विषय निघाला की लोक एकदम टोकास जातात. साठविलेले सर्वच अन्न तामस नव्हे. आजीने उन्हात वाळविलेले पापड, कैरीचे लोणचे, मोरावळा, गिरणीतून दळून आणलेले पीठ, या सर्वांवर काही ना काही संस्कार झालेलाच असतो. ब्राझील देशातील कार्लोस मोंतेइरो या आहारशास्त्रज्ञाने 2009 साली अन्नाचे वर्गीकरण मांडले. त्यात त्याने वेगळे काढले ते अन्न असे, जे कारखान्यात मूळ धान्य-फळांतून द्रव्ये काढून, ती पुन्हा जुळवून तयार होते व जे घरच्या चुलीवर करता येणारच नाही. गीतेने तामस अन्नास गतरस म्हटले आहे, म्हणजे ज्याचा स्वतःचा रस निघून गेला आहे असे. रस काढून घ्यावयाचा आणि वरून दुसरा लावावयाचा, ही युक्ती मात्र आमच्याच काळाची.

आणि हा वरून लावलेला रस जिभेस फसवितो. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस प्रौढांस संशोधन-रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखानी अन्न व दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. पुढे वाढलेल्या दोन्ही आहारांत साखर, मीठ, स्निग्धांश व तंतू सारखेच ठेवले होते. खावयाचे किती, हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडले होते. कारखानी अन्नाच्या दिवसांत ती माणसे रोज सुमारे पाचशे कॅलरी अधिक खात गेली. अठराव्या अध्यायात राजस सुखाचे जे लक्षण सांगितले आहे, की ते आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तथापि त्या मातेस खरा धक्का या आकड्यांनी दिला नाही. देवघरात ती रोज बाळकृष्णास लोणी-साखर दाखवीत असे. नूडल्सचे पाकीट त्याच्यापुढे ठेवावे, असे तिच्या मनात कधी आले नव्हते. ते ठेवण्याजोगे नाही हे तिचे मन जाणत होते. मग देवापुढे जे ठेवण्यास हात धजत नाही, ते आपल्या बाळापुढे आपण रोज कसे ठेवतो? हा प्रश्न मनात येताच तिने त्याच दिवशी सगळे कपाट रिकामे केले.

बहुतेक उपदेशक येथेच टाळी घेऊन थांबतात. परंतु खरी कसोटी यापुढेच आहे. तीन आठवड्यांनी मुलाच्या दप्तरात वेफर्सचे रिकामे पाकीट निघाले. विचारता तो म्हणाला, "मित्राचे आहे." ते मित्राचे नव्हते. वह्यांसाठी दिलेल्या पैशांतून ते आणलेले होते. अन्न शुद्ध करावयास गेले आणि वाणी अशुद्ध झाली! घरात पूर्वी वेफर्स होते, पण असत्य नव्हते.

दुसऱ्या अध्यायात श्रीभगवंतांनी याविषयी आधीच सावध केले आहे. जो आहार सोडतो, त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांविषयीची गोडी मागे राहते. ती सरते ती श्रेष्ठ वस्तूचे दर्शन घडल्यावरच. तपस्व्यांनाही जेथे ही अडचण, तेथे नऊ वर्षांच्या बालकाची गोडी कपाटास कुलूप लावून कशी जाईल? त्यास दुसरा, अधिक चांगला रस मिळाला पाहिजे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या कारागृहात गीतेवर प्रवचने दिली, त्यांतील सतराव्या अध्यायाच्या प्रवचनात आहारशुद्धीस साधनेचे अंग मानले आहे. साधना म्हटली की ती स्वतःपासून सुरू होते. दुसऱ्यावर लादली जाते ती शिक्षा.

मुलास शिक्षा झाली नाही. बदलले ते पित्याने. रात्री सर्व निजल्यावर तो नमकीनचा डबा काढून बसत असे, आणि मुलास ते माहीत होते. तिसऱ्या अध्यायात श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात असे म्हटले आहे. घरातील श्रेष्ठ कोण, हे मुलास सांगावे लागत नाही. पित्याने तो डबा मुलादेखत काढून टाकला आणि, "मीही चोरूनच खात होतो," असे त्यास सांगितले. पित्याच्या तोंडून असे वाक्य निघणे फार कठीण. अन्नत्यागाहून कितीतरी कठीण.

मग रविवारचा कार्यक्रम निराळा झाला. चंडीगडात ठरलेल्या वारी निरनिराळ्या सेक्टरांत 'अपनी मंडी' भरते. शेतकरी आपला माल तेथे स्वतः आणून विकतात. भाजी निवडण्याचा अधिकार मुलास दिला गेला. थंडीत त्याने मोहरीच्या पाल्याची जुडी उचलली. मक्याच्या पिठाची भाकरी आईस नीट थापता येईना, तेव्हा शेजारच्या पंजाबी मावशींनी येऊन ती दाखविली. मुलानेही एक थापली. ती वेडीवाकडी भाकरी प्रथम बाळकृष्णापुढे गेली, अर्धी मावशींच्या घरी गेली आणि उरलेली त्याने खाल्ली. सगळ्या जेवणांचे असे झाले नाही. दुधी भोपळ्यावरून रडारड होई, आणि परीक्षेच्या दिवसांत बिस्किटांचा पुडाही घरात आला.

पुढे एका वर्गमित्राचा वाढदिवस झाला. तेथे जाऊ नये, किंवा जाऊन काही खाऊ नये, असे आईने सांगितले नाही. यजमानाच्या घरी आपल्या नियमाचा तोरा मिरवून त्यास खाली पाहावयास लावणे हेही सात्त्विक नव्हे. मुलगा सायंकाळी परतला, चपला काढल्या आणि कोणी न विचारता म्हणाला, "आई, मी तिकडे वेफर्स खाल्ले. थंड पेयही घेतले, पण अर्धेच."

"बरे," आई म्हणाली, "हात धुऊन ये. पालक निवडावयाचा आहे."