जातीचा पुरावा कुणी द्यायचा?

1930 साली आपल्या नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं उभी राहिली, तेव्हा त्यांची जात ओळखायला कुणाला दाखला लागला नाही. हाकलताना नुसती नजर पुरली. राखीव जागेवर उभं राहायचं म्हटलं की मात्र कागद लागतो. हा पुरावा किती मागावा आणि कुणाकडून, हा प्रश्न वकिलांवर सोडून चालणार नाही.

भंडाऱ्याचं बघा. पहिल्या लोकसभा निवडणुकीत गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेचा अर्ज फेटाळला. का? तर महानुभाव पंथात गेले, म्हणून महार राहिले नाहीत म्हणे. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन गोष्टी तपासल्या: माणसाचा स्वतःचा हेतू काय, जुना समाज त्याला आपला मानतो का, नव्या पंथाचे नियम काय. ठवरे महारच ठरले, निवडणूक रद्द झाली. त्याच वर्षी तिथल्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि पडले.

दहा वर्षांनी नागपूरच्या डी. पी. मेश्रामांचा निकाल लागला. 1962 साली ते राखीव जागेवरून विधानसभेत गेले होते. कोर्ट म्हणालं, बौद्ध झाल्याचं चारचौघांत जाहीर केलं, एवढा पुरावा बस्स. तेव्हा राखीव जागा हिंदू आणि शिखांपुरतीच होती. आमदारकी गेली.

या पुराव्याशी मी भांडणार नाही. दीक्षा खरी नव्हती, असं आपण कोणत्या तोंडानं सांगणार? भांडण प्रश्नाशी आहे. यानं धर्म सोडला का, एवढंच विचारलं. गावानं याला महार म्हणायचं सोडलं का, हे विचारलं असतं तर उत्तर विहिरीवरच मिळालं असतं. कायदा सुधारायला 1990 साल उजाडलं.

आता 2001 च्या कायद्यानं महाराष्ट्रात जात सिद्ध करायचा बोजा दावा करणाऱ्यावर आहे. जुना कागद सगळ्यात वजनदार. ज्याच्या आज्याला शाळेत घेतलंच नाही, त्यानं आज्याचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? 2024 मध्ये रामटेकला रश्मी बर्वे यांचा दाखला समितीनं 28 मार्चला रद्द केला, अर्ज बाद झाला. सप्टेंबरात हायकोर्टानं समितीचा निर्णयच रद्द केला. तोवर मतं मोजून झाली होती.

बोगस दाखलेवाला आपल्या ताटातला घास पळवतो, त्याला मोकळा सोडा असं मी म्हणत नाही. पण निवडणूक कायद्यातच एक शहाणपण आहे. अर्ज चुकीनं फेटाळला, तर निवडणूक रद्दच. पडलेल्या उमेदवाराचा अर्ज चुकून घेतला असेल, तर त्यानं निकाल फिरला हे दाखवावं लागतं. म्हणजे दार चुकून बंद करणं हा मोठा अन्याय. मग मतदानाआधी दार बंद करणाऱ्याचा पुरावाही तेवढाच जड हवा.

तोवर वस्तीवस्तीत कागद शोधा. कोतवालबुक, महारवतनाचे उतारे. ज्या वतनानं आज्याला राबवलं, त्याचा कागद नातवाच्या कामी येऊ द्या.

— इंदिरानगर, नाशिक