अक्षर कुणाचं, बनाव कुणासाठी

26 डिसेंबर 1996 च्या पहाटे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर गावच्या रॅम्सी कुटुंबाच्या घरात, मागच्या जिन्यावर अडीच पानांची एक चिठ्ठी सापडली. तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे, 1,18,000 डॉलर तयार ठेवा, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान फोन करू, पोलिसांकडे गेलात तर ती जिवंत दिसणार नाही, असा मजकूर होता. फोन आलाच नाही. दुपारी एकच्या सुमारास सहा वर्षांच्या जॉनबेनेचा मृतदेह त्याच घराच्या तळघरात खुद्द तिच्या वडिलांना सापडला. तिला कुणी मारलं हे आजवर सिद्ध झालेलं नाही. या खुनाबद्दल जेवढं लिहिलं-बोललं गेलं त्यातला मोठा वाटा चिठ्ठीनं खाल्ला आहे, आणि हा वाद एवढा चालूनही पुढे का सरकत नाही, हे समजून घेण्याजोगं आहे.

चिठ्ठीचा कागद घरातल्याच लेटरपॅडचा, पेनही घरातलंच. पॅडमध्ये एक अर्धवट सुरुवात सापडली: मिस्टर अँड मिसेस, पुढे एक उभी रेघ, आणि तिथंच सोडून दिलेलं. मागितलेली रक्कम वडिलांना त्या वर्षी मिळालेल्या बोनसशी जवळजवळ जुळणारी. काही वाक्यं तेव्हाच्या हॉलिवूड सिनेमांतल्या संवादांसारखी. घरच्यांवर संशय घेणारे म्हणतात, खून करायला आलेला परका माणूस दुसऱ्याच्या घरात बसून, कच्चा मसुदा करून अडीच पानं लिहील का? बाहेरचा कुणी आला असं मानणारे म्हणतात, घरची मंडळी नाताळच्या मेजवानीला गेली होती, तेव्हा आत शिरलेल्याला वेळच वेळ होता, बोनसचा कागदही त्याच्या हाती लागू शकला असता. आता हे मुद्दे एकेक करून ताडून पाहा. कागद, पेन, रक्कम, सिनेमातली भाषा, यातली प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंच्या खिशात सारखीच बसते. हस्ताक्षरतज्ज्ञांनी वडिलांचं अक्षर वगळलं, आईचं पूर्ण वगळलं नाही, पण तिनंच लिहिलं असंही ठामपणे म्हटलं नाही. 1999 मध्ये ग्रँड ज्युरीनं आईवडिलांवर आरोप ठेवण्याच्या बाजूनं कौल दिला, सरकारी वकिलानं पुरावा अपुरा म्हणून खटला भरला नाही. 2008 मध्ये दुसऱ्या सरकारी वकील बाईंनी मुलीच्या कपड्यांवरच्या अनोळखी डीएनएच्या आधारे कुटुंबाला लेखी निर्दोष ठरवलं. दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडणारा पुरावा त्यांच्यात निवाडा कसा करणार?

चिठ्ठी काय सांगते हे बाजूला ठेवून तिनं काय करून घेतलं एवढंच पाहिलं तर मात्र चित्र स्वच्छ दिसतं. चिठ्ठीमुळे पोलीस आले ते अपहरणाच्या तपासाला. घर हे गुन्ह्याचं ठिकाण न राहता फोनची वाट पाहण्याची जागा झालं. नातेवाईक, मित्रमंडळी आतबाहेर वावरत राहिली, तळघराची नीट झडती झाली नाही, आणि पुढे कधीही भरून न येणारे तास गेले. लिहिणारा कुणीही असो, कागदानं आपलं काम चोख बजावलं. खुनाच्या जागी मांडलेला बनाव ही वाचणाऱ्यासाठी केलेली कृती असते. त्यात लिहिणाऱ्याची कबुली शोधत बसलं की आपण त्यानं नेमून दिलेल्या वाटेनंच चालत राहतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अक्षरावरून गुन्हेगार सापडलेले आहेतच की. 1932 च्या लिंडबर्ग प्रकरणाचा दाखला देतात. प्रसिद्ध वैमानिकाचं तान्हं मूल पळवलं, खोलीत 50,000 डॉलरची चिठ्ठी ठेवली, पुढे मूल मृतावस्थेत सापडलं, आणि खटल्यात आरोपी हॉप्टमनच्या अक्षराची तज्ज्ञांनी चिठ्ठ्यांशी तुलना केली. खरं आहे. पण 1934 मध्ये हॉप्टमन पोलिसांच्या हाती लागला तो अक्षरामुळे नव्हे. खंडणीत दिलेल्या नोटांचे क्रमांक टिपून ठेवले होते, त्यातली एक त्यानं पेट्रोलपंपावर मोडली, आणि शोध त्याच्यापाशी पोचला. आधी माणूस सापडला, मग अक्षर जुळवलं गेलं. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातही हस्ताक्षरतज्ज्ञाचं म्हणणं हे मतच आहे, न्यायालयानं जपून तोलायचं.

त्याहून बोचरा दाखला पुण्याचा आहे. 15 जानेवारी 1976 ला अभिनव कला महाविद्यालयाच्या जक्कल, सुतार, जगताप, शाह आणि चांडक या विद्यार्थ्यांनी प्रकाश हेगडे या आपल्याच ओळखीच्या मुलाला फसवून नेलं. कर्वे रस्त्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याकडून वडिलांच्या नावे चिठ्ठी लिहून घेतली, आपण घर सोडून जात आहोत अशी. त्याच रात्री त्याला मारून, प्रेत लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांकडे खंडणीची मागणी गेली. वडील हॉटेल चालवायचे, हाताशी पैसा असेल हा हिशेब. अक्षरतज्ज्ञाला ती घर सोडल्याची चिठ्ठी दाखवली असती तर त्यानं काय सांगितलं असतं? अक्षर शंभर टक्के प्रकाशचं. आणि मजकूर शंभर टक्के खोटा. लिहिणारा हात एकाचा, लिहवणारा दुसराच. या एका उदाहरणानं अक्षरावर उभ्या केलेल्या सिद्धांतांचे पाय लटपटायला हवेत. हे गूढ उकललं ते पुढे जोशी, अभ्यंकर आणि गोखले यांचेही खून झाल्यावर, 1977 मध्ये टोळी पकडली गेली तेव्हा, आणि टोळीतलाच सुहास चांडक माफीचा साक्षीदार होऊन बोलला तेव्हा. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात फाशी झाली. बनाव फुटला तो बाहेरून, एका माणसानं तोंड उघडल्यामुळे.

आता नगर जिल्ह्यात, ज्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला येऊ. 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं ते हेच खर्डा. शाळेच्या पुस्तकात गाव त्यासाठीच येतं. 28 एप्रिल 2014 रोजी या गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सरकार पक्षाची मांडणी अशी होती की सवर्ण घरातल्या मुलीशी बोलतो म्हणून त्याला शाळेतून मारहाण करत नेलं, ठार केलं आणि आत्महत्या भासावी म्हणून झाडाला लटकवलं. इथं कागद नव्हता, गळफास होता. पण बनावाची जात तीच: मुलानं स्वतःच्या हातानं आपला शेवट केला, असं पाहणाऱ्यानं वाचावं. हेगडेच्या चिठ्ठीत मेलेल्या मुलाच्या तोंडी घर सोडल्याचं घातलं होतं, इथं त्याच्या देहाकरवी जग सोडल्याचं वदवलं गेलं. फरक एवढाच की खर्ड्यात हे वाचन फार काळ टिकलं नाही. खुनाचा आणि अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, महाराष्ट्रभर निदर्शनं झाली. मग नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयानं खटल्यातल्या आरोपींची निर्दोष मुक्तता केली. बरेच साक्षीदार फितूर झाले होते, त्यांत शाळेतलेही होते.

न्यायालयाच्या निकालावर ओरडून उपयोग नाही, आणि ते रास्तही नाही. पुराव्याशिवाय शिक्षा देणारं न्यायालय कुणालाच नको, त्यातही दलितांना तर मुळीच नको. सुटलेल्यांना खुनी म्हणायचा अधिकार निकालानंतर कुणालाही उरत नाही. पण याच तर्काची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. या आरोपींनी मारल्याचं सिद्ध झालं नाही, आणि मुलगा तर मारला गेला, म्हणजे त्याला कुणी मारलं हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनं जिवंत आहे. बोल्डरचे पोलीस जवळजवळ तीन दशकांनंतरही फाइल उघडी असल्याचं सांगतात. आपल्याकडे निर्दोष सुटका म्हणजे प्रकरण संपलं, असाच रिवाज. तिथं सिद्धांतांचा सुकाळ आहे, इथं सिद्धांत मांडायलाही कुणी नाही. एकीकडे कुणाला माहीत नाही म्हणून गूढ, दुसरीकडे जबाब देऊन पुढे तो फिरवला गेला म्हणून गूढ. या दुसऱ्या प्रकारावर पुस्तकं निघत नाहीत, कारण त्यात अक्षर जुळवण्याची मजा नाही.

कुणी म्हणेल, साक्षीदार फुटले ते पोलिसांनी आधीचे जबाब स्वतःच रंगवले असतील म्हणून. न्यायालयात ते पहिल्यांदा खरं बोलले. ही शक्यता मनात ठेवलीच पाहिजे. तपासात जबाब घोटून घेण्याची खोड नवी नाही. पण तसं असेल तर तो तपासावरचा गंभीर आरोप होतो आणि त्याची चौकशी व्हायला हवी. दबावानं फुटले असतील तर दबाव टाकणाऱ्याची. यातलं काही एक तरी खरं असणार. दोन्हीकडे डोळेझाक करून जबाब का बदलले हे न विचारणं, हा गळफासाच्या बनावाला उशिरा दिलेला रुकार ठरतो. साक्षीदारांना दोष देणं सोपं आहे. साक्ष देऊन त्याच गावात, त्याच पाराखालून, त्याच दुकानावरून रोज जायचं असतं, उसनं-पासनं, मजुरी, पाण्याची पाळी सगळं तिथंच. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातलं पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचं 15-अ कलम 2016 मध्ये अमलात आलं, सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिली. कलम कागदावर होतं. गावातल्या माणसाला ते घराच्या दारात उभं राहिलेलं दिसलं पाहिजे.

नगर जिल्ह्यातच दुसरीकडे काय घडलं ते पाहून हे समजतं. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, त्याच नोव्हेंबर 2017 मध्ये, नगरच्याच न्यायालयात साक्षीपुरावा टिकला आणि फाशीची शिक्षा झाली. त्या मुलीसाठी सगळा मराठा समाज रस्त्यावर उतरला होता, साक्षीदारांच्या पाठीशी एक जनसमुदाय होता. खर्ड्याच्या साक्षीदारांच्या पाठीशी कोण होतं? सोनईत 2013 मध्ये तीन दलित तरुणांचा खून झाला, तेव्हा तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला नेला गेला. जानेवारी 2018 मध्ये, खर्ड्याच्या निकालानंतर दोनच महिन्यांनी, नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. फाशी असावी की नसावी हा वाद वेगळा. साक्षीदारांच्या पाठीशी कुणी असलं, किंवा ते गावच्या सावलीपासून दूर उभे राहिले, तर त्यांचं म्हणणं टिकू शकतं, एवढं या दोन खटल्यांतून दिसतं. खर्ड्याचा खटला नगरलाच चालला.