थांबता येणारा वाटसरू

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात झिव्री या गावापासून क्लूनीपर्यंत चव्वेचाळीस किलोमीटरांचा एक मार्ग केवळ पादचाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी राखून ठेवलेला आहे. मूळचा तो आगगाडीचा मार्ग. गाड्या बंद पडल्या, रूळ उखडले गेले, आणि १९९७ च्या सुमारास त्याच सपाटीवरून, त्याच द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने, चाकांना पुन्हा वाट करून देण्यात आली; त्या देशातील या प्रकारचा हा पहिला मार्ग होय. आगगाडीच्या काळी या वाटेने जाणाऱ्या उतारूस मधली गावे खिडकीतून दिसत असत, पण त्या गावांतील कोणालाही त्या उतारूस हाक मारून थांबवता येत नसे. आज त्याच वाटेवरून सायकलीने जाणाऱ्यास कोणीही थांबवू शकतो: ऊन, चढ, तहान, एखादा कुत्रा, कुंपणापलीकडे काम करणारा एखादा वृद्ध माळी. सायकलीच्या निवांत प्रवासाची स्तुती करणारे बहुधा निसर्गदर्शनाची स्तुती करतात. मला त्या प्रवासाचे नैतिक मोल या थांबण्यात दिसते. कारण ज्याला थांबवता येत नाही असा प्रवासी, मग तो कितीही सज्जन असो, ज्या मुलखातून जातो त्या मुलखाचे काही देणे लागत नाही.

हे देणे पाण्यापासून सुरू होते. फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी बारानंतर दुकानांची दारे लागतात ती दोन वाजल्यावर उघडतात, आणि भर उन्हाळ्यात नेमकी हीच वेळ बाटली रिकामी होण्याची असते. अशा वेळी जुने जाणते सायकलस्वार गावाच्या दफनभूमीची वाट धरतात. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत भिंतीलगत एक नळ. तो मुळात थडग्यांवरील फुलझाडांना पाणी घालण्यासाठी असतो. नळावर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी नाही एवढे पाहून घ्यावयाचे आणि बाटली भरून घ्यावयाची. परंतु ज्या नळाखाली गावातील एखादी विधवा आपल्या पतीच्या थडग्यावरील फुलांसाठी झारी भरीत उभी असेल, त्या नळापाशी आगंतुकाने प्रथम डोक्यावरचे शिरस्त्राण काढावे, अभिवादन करावे आणि आपली पाळी येईपर्यंत मुकाट्याने उभे राहावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. तरीही तहानलेल्या माणसाला ते आपोआप सुचते. ज्याच्या गाडीत शीतपेयांची पेटी भरलेली असते, त्याच्यावर त्या फाटकातून आत जाण्याचा प्रसंगच येत नाही, आणि म्हणून त्या गावाच्या मृतांपुढे मान लववण्याचाही येत नाही.

पावाच्या दुकानाची गोष्ट याहून कठीण आहे. कित्येक गावांतील भट्ट्या बंद झाल्या असून काही ठिकाणी रस्त्याच्या कडेला नाणी टाकून पाव घेण्याचे यंत्र तेवढे उभे आहे. शहराच्या वेशीवरील प्रचंड भांडारातून चार दिवसांची रसद बांधून घ्यावी, मग खेड्यापाड्यांतून हिंडावे, तेथील दगडी घरांचे आणि निळ्या झडपांचे भरपूर कौतुक करावे, आणि त्या गावात एका पावाचीही खरेदी न करता पुढच्या मुक्कामास निघून जावे, या व्यवहारास मी प्रवास म्हणावयास तयार नाही. ज्या गावात भट्टी अद्याप पेटती आहे, तेथे दारात शिरताच 'बोंझूर' म्हणावे, रांगेत उभे राहावे आणि पाव विकत घ्यावा, मग तो पिशवीत मावो वा न मावो.

या प्रवासाचा आद्य आचार्य म्हणून फ्रान्समध्ये ज्याचे नाव घेतले जाते तो पॉल द व्हिव्ही, अर्थात व्हेलोसिओ, १८५३ साली जन्मला. रेशमाच्या व्यापारातून तो सायकलीकडे वळला, आणि १८८७ पासून सँत-एतिएन येथून त्याने सायकलविषयक नियतकालिक चालवले. चढावर पायांना सुसह्य व्हावे म्हणून दंतचक्रे बदलण्याच्या युक्तीचा त्याने आयुष्यभर पुरस्कार केला. शर्यतीच्या व्यवस्थापकांना मात्र ही युक्ती दुर्बलांची सोय वाटत राहिली, आणि तूर द फ्रान्सच्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेस परवानगी मिळावयास १९३७ साल उजाडावे लागले. हा गृहस्थ मंदगतीचा भोक्ता होता असे मात्र कोणी समजू नये. रात्रीच्या रात्री तो डोंगरवाटांवर काढीत असे. तरीही सायकलस्वारांसाठी त्याने जे सात नियम घालून दिले, त्यांत अखेरचा नियम असा की केवळ अहंकारापोटी पायटे मारू नयेत. निवांतपणा वेगाच्या मापाने मोजावयाचा नसून हेतूच्या मापाने मोजावयाचा, हे त्याने ओळखले होते. दुसऱ्यास मागे टाकण्यासाठी धावणाऱ्याचे लक्ष दुसऱ्याच्या पाठीवर असते, आणि ज्याचे लक्ष पाठीवर, त्याला बाजूच्या शेतातील माणूस दिसणार कसा?

शेतातील त्या माणसाविषयी एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९३६ च्या जूनमध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा मंजूर करून घेतला. क्रीडा व विश्रांती या खात्याचा कारभार पाहणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळवून दिली, आणि त्या उन्हाळ्यात गिरणी-कारखान्यांतील हजारो तरुण जोडपी दोघांच्या सायकलींवर बसून प्रथमच आपलाच देश पाहावयास निघाली. विश्रांती ही श्रीमंतांची मिरास नसून श्रमणाऱ्यांचा हक्क आहे, हे तत्त्व त्या उन्हाळ्यात रस्त्यावर प्रत्यक्ष चालताना दिसले, आणि मानवी न्यायाच्या इतिहासातील ती एक तेजस्वी घटना आहे असे मी मानतो. परंतु ज्या शेतांच्या कडेने त्या सायकली गेल्या, तेथील लहान शेतकऱ्याला रजा कोण देणार? गाई सकाळ-संध्याकाळ पिळाव्याच लागतात, आणि कापणीचे दिवस नेमके सुटीचेच दिवस असतात. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमांच्या बांधावरून जाते, ही स्थिती आजही बदललेली नाही. बदलू शकते ती जाणाऱ्याची वागणूक. ट्रॅक्टर मागून आला तर बाजूस होऊन त्याला प्रथम वाट द्यावी, कारण त्याचे काम आहे आणि आपली सुटी आहे.

आणि मग ते स्तंभ. फ्रान्समधील जवळजवळ प्रत्येक गावात, चर्चसमोर किंवा ग्रामकचेरीच्या पटांगणात, पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावे कोरलेला स्तंभ उभा आहे. त्या युद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून अधिक सैनिक मेले. पण हा आकडा वाचून मनावर जो परिणाम होतो, त्याहून कितीतरी खोल परिणाम दोन-तीनशे वस्तीच्या गावातील स्तंभावर एकच आडनाव तीन-चार वेळा वाचताना होतो. मोटारीतून ही नावे वाचता येत नाहीत. सायकल स्तंभाच्या पायरीला टेकवून घोटभर पाणी पिणाऱ्याची नजर आपोआप वर जाते.

उत्तरेकडे, लील शहराच्या नैऋत्येस, सपाट काळ्या शेतांच्या प्रदेशात नव्ह-शापेल नावाचे एक खेडे आहे. तेथील चौरस्त्यावर १९२७ साली उभारलेल्या स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर, ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे पलटणवार लिहिली आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी हे खेडे जर्मनांकडून परत घेण्यासाठी सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर ज्या दोन कंपन्या पुढे धाडण्यात आल्या, त्या आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या. खंदक खणणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, ते शिपाई, आणि त्यांत मराठेही होते, त्या दिवशी पायदळ म्हणून घराघरांतून संगिनींनी लढले. त्यांचे जवळजवळ सर्व इंग्रज अधिकारी एका दिवसात मारले गेले वा जखमी झाले. ही माणसे तेथे स्वेच्छेने भ्रमंतीस गेली नव्हती. परक्या सरकारच्या हुकुमाने, परक्या दोन सत्तांच्या वैरापायी, ज्या गावाचे नावही त्यांना नीट उच्चारता आले नसेल अशा गावासाठी ती गेली. आज त्याच शेतांमधून कोणी मराठी माणूस हौसेने सायकलवर जात असेल, तर त्या हौसेच्या पाठीशी किती जणांची सक्ती उभी आहे याचा त्याने हिशेब ठेवावा असे मला मनापासून वाटते.

आणि मराठी माणसे तिकडे सायकली घेऊन जातात, ही कल्पना नव्हे. पुण्या-मुंबईत 'बीआरएम' नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली आहे. त्यांच्यापैकी कित्येकांचे अंतिम लक्ष्य पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस हे असते: १८९१ साली सुरू झालेली, आणि आता दर चार वर्षांनी होणारी, सुमारे बाराशे किलोमीटरांची सायकलयात्रा, जी अधिकाधिक नव्वद तासांत पुरी करावयाची असते. ही निवांत भ्रमंती नव्हे हे उघडच आहे. तरीही ब्रिटनीच्या वाटेवरील गावकरी त्या दिवसांत घरापुढे मेज मांडून रात्री-अपरात्री अनोळखी स्वारांना कॉफी, पाणी आणि घिरडी देत बसतात. एके ठिकाणी तर पैसे घेतच नाहीत. घरी पोहोचल्यावर एक पत्र टाका, एवढीच त्यांची मागणी असते, आणि जगभरातून आलेली ती पत्रे त्यांनी जपून ठेवली आहेत. पुढील यात्रा २०२७ साली आहे. आपल्याकडून जे जातील त्यांनी परतल्यावर ते पत्र टाकण्यास विलंब लावू नये, आणि विमानाचे तिकीट काढतानाच एक दिवस अधिक धरून तो नव्ह-शापेलसाठी ठेवावा. पॅरिसहून लीलपर्यंत आगगाडी आहे, पुढचा रस्ता सपाट आहे, आणि खडकीच्या त्या सॅपर्सची नावे उभे राहून वाचावयास फार वेळ लागत नाही.